हलगीनं चढलेलं रक्त

"माझ्या हातात रोज जनावरांचं रक्त असतं," असं मी माझ्या लग्नाच्या बोलणीत म्हटलं होतं, आणि पाहुण्यांतल्या एका बाईंनी तोंडाशी नेलेला पोह्यांचा घास परत बशीत ठेवला होता. कर्जतला जनावरांच्या रक्ततपासणीची छोटी लॅब आहे, तिथं मी कामाला आहे, एवढं सरळ सांगायला माझं काय जात होतं? पण जीभच अशी, त्याला मी काय करू. होणाऱ्या सासऱ्यांनी मात्र मान वर केली आणि विचारलं, "बैलाचं बी तपासता का?" मी हो म्हटलं आणि लग्न ठरलं. आमचे हे अजून सगळ्यांना सांगतात, हिला मी पसंत केलेलंच नाही, बैलानं केलंय.

माझं माहेर कोल्हारचं. प्रवरेचं पाणी, चहूकडे ऊस, दारात गाई. आमच्याकडे जनावर म्हणजे दूध, डेअरी आणि फॅट, विषय संपला. सासर कर्जतच्या पुढं, जामखेडच्या अंगाला. तिथं उन्हाळ्यात विहिरीत डोकावलं की आधी तळ दिसतो. पण त्या गावात शर्यतीच्या बैलाला जो मान आहे, तो आमच्याकडे जावयालासुद्धा मिळत नाही. सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या, तिकडची रीतच तशी. मामांचा बैल पांढरा खिलार, उंचापुरा, मागे गेलेल्या शिंगांचा. त्याचं नाव इथं सांगत नाही. घरात ते नाव कुणी मोठ्यानं घेतलं की तो गोठ्यातून मान बाहेर काढतो, आणि मग त्याला काहीतरी खायला द्यावंच लागतं.

यंदाची शिमग्याची शर्यत सोडली, तर हा बैल हलगीशिवाय फाटकाबाहेर कधी पडला नाही. शर्यतीला निघाला की दारात हलगी सुरू होणार, आत्या भाकरतुकडा ओवाळून टाकणार, कपाळाला गुलाल, पायाशी नारळ, आणि मग स्वारी टेम्पोत चढणार. एकदा त्याच्या खुराला जखम झाली म्हणून मलमपट्टीला तालुक्याला न्यायचं होतं, तर तेव्हाही हलगीवाले हजर. मी म्हटलं, "मामा, अहो मलमपट्टीला चाललाय तो." मामा म्हणाले, "त्याला काय म्हाईत, कशाला चाललाय? आज हलगी का न्हाई, आसं त्याला वाटाया नको."  मी गप्प बसले, म्हणजे माझ्या मानानं गप्प बसले.

यंदा शिमग्याच्या आसपास शेजारच्या गावात शर्यत होती. गाडा सुटला, लोक ओरडतायत, आणि निम्म्या वाटेवर आमच्या राजेसाहेबांनी वेग टाकला. टाकला म्हणजे काय, चालायलाच लागले. जोडीचा बैल जीव तोडून ओढतोय आणि हा आपला आठवडे बाजारातून घरी निघाल्यासारखा डुलत चाललाय. मी मोबाईलवर शूटिंग बघितलं तेव्हा मला हसू आवरेना. पण मामा घरी आले ते तोंड एवढंसं करून. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं करणी केली, कुणी म्हणालं आतून काहीतरी पोखरतंय, लिव्हर गेलं असणार. लिव्हर हा शब्द मामांच्या मनात जो रुतला तो रुतलाच.

चैत्रात आमच्या गावची यात्रा असते. यात्रेतल्या शर्यतीची पहिली बारी आपला बैल पळणार, असं मामा गावभर सांगून बसले होते. आता प्रश्न एवढाच होता की बैल आजारी आहे का. आजारी असेल तर मामा त्याला जागचा हलवणार नव्हते, त्या बाबतीत माणूस सोन्यासारखा. पण आजारी म्हणजे कितपत, बरा होणारा की हाताबाहेर गेलेला, याच्या विचारानं त्यांची झोप उडाली होती. ते रात्रीतून उठून गोठ्यात जायचे आणि आत्या अंथरुणातून म्हणायच्या, "माझ्या बाळंतपणात यवढं उठला न्हाईत कधी."

जनावरांचे डॉक्टर घरी आले. शांत माणूस. त्यांनी बैल बघितला, काही दिसत नाही म्हणाले, पण रक्त बघू म्हणाले. मानेच्या शिरेतून रक्त काढून नळ्यांत भरलं आणि आमच्या ह्यांच्या हातात दिलं, कारण लॅब म्हणजे घरचीच. इथून पुढं आमच्या घराण्यानं विज्ञानाचा जो खेळ मांडला, तो मी आयुष्यात विसरणार नाही.

ह्यांनी नळ्या शर्टाच्या खिशात टाकल्या आणि गाडीला किक मारली. चैत्राचं ऊन, दुपारची वेळ, आणि आमच्या गावापासून कर्जतपर्यंतचा रस्ता म्हणजे हाडं मोजून घ्यायचा रस्ता. वाटेत मित्र भेटला, मग रसवंतीवर बसून रस झाला, मग गप्पा झाल्या. नळ्या खिशात शिजतायत, गाडीवर घुसळल्या जातायत. हे लॅबमध्ये आले आणि मोठ्या ऐटीत म्हणाले, "घे, एक थेंब सांडला नाही."

रक्त यंत्रात गरगर फिरवलं की जड भाग खाली बसतो आणि वर पाणी येतं. ते पाणी कसं हवं, तर पिवळसर, स्वच्छ. ह्यांनी आणलेल्या नळीत वर आलं ते डाळिंबाच्या रसासारखं लालभडक. मी कपाळावर हात मारला. तांबड्या पेशी वाटेतच फुटल्या होत्या, आणि त्यांच्या पोटातलं सगळं त्या पाण्यात उतरलं होतं. अशा नमुन्यावर मशीन काहीही आकडे देतं. लिव्हरच्या तपासणीत जो घटक बघतात तो पेशींतही असतो, त्यामुळे तो चढलेला दिसतो. रंगामुळे कावीळ नसताना कावीळ दिसते. साखर उलट कमी येते, कारण उन्हात बसलेल्या पेशी नळीतल्या नळीत ती खाऊन टाकतात. डॉक्टरांना दाखवायला म्हणून मी तो रिपोर्ट काढला, वर मोठ्या अक्षरांत "नमुना खराब, पुन्हा घ्या" असं लिहिलं आणि ह्यांच्याकडे दिला.

ह्यांनी काय करावं? वरची ओळ कापली जाईल असा फोटो काढला आणि भावकीच्या ग्रुपवर टाकला. भावकीत एकजण पुण्याला औषधाच्या दुकानात बसतो. त्यानं आकड्यांपुढचे वर गेलेले बाण बघितले आणि लगेच लिहिलं, लिव्हर खलास. संध्याकाळी मी घरी पोचले तर चूल थंड, आत्या उंबऱ्यात, आणि मामा गोठ्यात बैलाच्या गळ्यात हात टाकून बसलेले.  मला आधी वाटलं, बैल खरंच गेला.

मी मामांपुढं जाऊन बसले आणि समजावलं. "मामा, टोमॅटोचं कॅरेट टेम्पोत खाली दबलं, रस गळाया लागला, तर तुम्ही म्हणाल का की झाडाला रोग आहे? तसंच आहे हे. बैलाला काही झालेलं नाही, रक्ताला झालंय, ते पण तुमच्या लेकाच्या खिशात." मामांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पोरी, तू माझ्या समाधानासाठी बोलतीस. मशीन कशाला खोटं बोलंल?" मला असा राग आला म्हणून सांगू. मी त्या मशीनशेजारी रोज बसते, त्याची नखरेल तऱ्हा मला ठाऊक, आणि घरात माझ्यापेक्षा त्याच्या शब्दाला वजन. मी ह्यांना जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

डॉक्टरांनी खराब नमुन्याचं ऐकलं आणि लगेच पुन्हा रक्त काढलं. या खेपेला नळ्या थंड ठेवा, असं बजावून गेले. मामांचा आता लेकावर विश्वास राहिला नव्हता, ते स्वतः निघाले. थंड म्हणजे किती थंड, हे डॉक्टर बोलले नाहीत आणि मामांनी विचारलं नाही. त्यांनी फाट्यावरच्या कुल्फीवाल्याचा डबा मागून घेतला, बर्फ आणि मिठात नळ्या गळ्यापर्यंत पुरल्या, आणि एसटीत मांडीवर डबा घेऊन कर्जतला आले. वाटेत कंडक्टरनं कुल्फी मागितली म्हणे. डबा उघडला तर नळ्यांत रक्ताच्या कांड्या झालेल्या. गोठलं की पेशी फुटतात, म्हणजे पुन्हा तेच डाळिंब. मला फस्सकन हसू आलं आणि मग मामांचा चेहरा दिसला. ते टोपी हातात घेऊन उभे होते, एखादा बाप पोराचा निकाल ऐकायला उभा राहतो तसे. मला फार वाईट वाटलं. मी त्यांना आत खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि म्हटलं, "मामा, आता बैलालाच इकडं घेऊन या. रक्ताला प्रवासच नको."

माझ्याच तोंडानं बोलावलं, म्हणून कुणाला बोल लावायची सोय नाही. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये बसले होते तर लांबून हलगी ऐकू यायला लागली. मला वाटलं कुणाची वरात असेल. बघते तर आमचाच टेम्पो, आत गुलालानं माखलेला बैल, आणि पुढं हलगीवाले. ही सगळी मंडळी शिमग्यातही ऊसतोडीला कारखान्यावर होती, माझ्या माहेराकडंच, कोल्हारच्या बाजूला. नुकतीच घरी परतलेली, यात्रेच्या तयारीला लागलेली, अंगात नुसता उत्साह. तालुक्याच्या रस्त्यावर वाजवायला मिळतंय म्हटल्यावर त्यांनी असं झोडपलं, की समोरच्या बँकेतले लोक बाहेर आले. मी दारात उभी राहून हातानं खूण करतेय, थांबवा, थांबवा, आणि त्यांना वाटलं मी ताल धरलाय.

बैलाचे कान ताठ, नाकपुड्या फुललेल्या, सगळं अंग थरथरत होतं. चौघांनी धरूनही तो हिसडे देत होता, सुई दोनदा निसटली. शेवटी मी बोलावून घेतलेल्या डॉक्टरांनी कसंबसं रक्त काढलं. या वेळी वरचं पाणी बघितलं आणि मी मनात देवाचे आभार मानले, अगदी स्वच्छ पिवळं. पण आकडे आले ते पुन्हा वर. तांबड्या पेशी वाढलेल्या, पांढऱ्या वाढलेल्या, साखर वाढलेली, आणि स्नायूंच्या ओढाताणीत वाढतो तो घटक तर कुठल्या कुठं. मामांनी बाणच तेवढे बघितले आणि तिथंच जमिनीवर बसले.

डॉक्टर त्यांच्याजवळ जाऊन उकिडवे बसले. म्हणाले, "बाबा, हे आजाराचे आकडे दिसत नाहीत मला. जनावराच्या पोटात प्लीहा असते, तिच्यात रक्ताचा साठा असतो. जनावर बिथरलं की ती आवळते आणि साठा बाहेर फेकते. मग रक्त दाट दिसतं. साखरही चढते. तुमचा बैल हलगी ऐकत ऐकत आलाय, टेम्पोत हिसके खाल्लेत, माणसांशी झुंजलाय. मला तो निवांत असताना बघायचाय."

मामांनी विचारलं, "बिथरला म्हंजे भ्याला, का हौसंनं?"

"रक्तात दोन्ही सारखंच दिसतं," डॉक्टर म्हणाले.

परत जाताना हलगी वाजली नाही. मामांनीच हात वर करून थांबवली. मला वाटलं, जीव थकला असेल त्यांचा.

मग मात्र मी कंबर कसली. घरात जाहीर केलं, की आता यात्रेपर्यंत माझा हुकूम चालेल. गोठ्याकडं कुणी बघे फिरकायचे नाहीत. गुलाल नाही, नारळ नाही, मोबाईलची गाणी नाहीत. बैलाला पळवायचं नाही, नाहीतर स्नायू ताणले जातील. रोज पहाटे मामा एकटे त्याच्याजवळ बसतील, म्हणजे माणूस शेजारी आला की काहीतरी गडबड होणार, ही त्याच्या डोक्यातली गाठ सुटेल. आत्या म्हणाल्या, "लग्न झाल्यापास्नं माझ्यापाशी आसे कधी बसले न्हाईत." पण हसत म्हणाल्या. मी चहा घेऊन गोठ्यात जायचे तेव्हा मामा बैलाची पाठ खाजवत त्याच्याशी बोलत असायचे, विहिरीबद्दल, पावसाबद्दल, कुणाच्या तरी बांधाच्या भांडणाबद्दल. बैल रवंथ करत ऐकायचा. एकदा तर त्यानं बसल्या बसल्या मान मामांच्या मांडीवर टाकली. पाय बधिर होईपर्यंत मामा हलले नाहीत.

अशाच एका सकाळी डॉक्टर आले. फाटकाबाहेर गाडी बंद करून पायी आत आले, माझं त्यांना तसं सांगणंच होतं. मामांचा हात बैलाच्या गळ्याखाली, सुई गेली कधी नि आली कधी, बैलानं शेपटीसुद्धा हलवली नाही. नळ्या मी घेतल्या. हळूच उलट्यासुलट्या केल्या, फडक्यात गुंडाळल्या, थंड पिशवीच्या शेजारी, पण तिला टेकणार नाहीत अशा ठेवल्या, आणि स्कूटीवर निघाले. प्रत्येक खड्ड्यापाशी पाय टेकवत, सासूनं नव्या सुनेला चालायला सांगावं तशी. मागून आलेला ट्रॅक्टर मला ओलांडून गेला आणि पुढं जाऊन थांबला. चालवणारा विचारतो, "ताई, गाडी बिघडली का?" मी म्हटलं, "नाही दादा, बैलाचं रक्त आहे." त्यानं ट्रॅक्टर सुसाट पुढं काढला.

मशीनमध्ये आधीच्या कुणाच्या तरी शेळीची सेटिंग होती. ती बदलून बैलाची केली. शेळीच्या पेशी इतक्या बारीक, की सेटिंग चुकली तर मोजणीचा सगळा बट्ट्याबोळ होतो. मग कळ दाबली आणि नखं खात उभी राहिले. कागद आला. एकही बाण नाही. लिव्हर ठीक, साखर ठीक, पेशी ठीक, सगळं जिथल्या तिथं. मी तिथंच नाचले, लाज कसली. मामांना फोन लावला आणि म्हटलं, "मामा, तुमचा बैल ठणठणीत आहे. मशीन म्हणतंय, मी नाही."  पलीकडून आत्यांचाच आवाज आला, "ते रडत्यात. पर चांगलं रडत्यात."

त्या दिवशी आत्यांनी हुलग्याची शेंगोळी केली आणि मामा पोटभर जेवले. हात धुताना त्यांनी मला हळूच विचारलं, "मग पोरी, त्या दिशी तो चालाया का लागला?" मी म्हटलं, "ते रक्तात येत नाही, मामा." त्यांनी मान हलवली.

यात्रेच्या दिवशी सकाळी अंगणात गाव लोटलं. टेम्पो आला, त्याची फळी खाली टाकली गेली. बैल ठणठणीत आहे ही बातमी मीच गावभर केली होती, त्यामुळे तो पळणार यात कुणाला शंका नव्हती. हलगीवाल्यांनी हलग्या शेकून तयार ठेवल्या होत्या. आणि मामांनी सगळ्यांसमोर एक अचाट गोष्ट केली. त्यांनी बैलाचा कासरा सोडला, सगळ्यांना बाजूला सरकवलं आणि म्हणाले, "त्याला कुणी धरायचं न्हाई. टेम्पोत त्याचा तो चढला तर पळंल. आता वाजवा."

हलगी कडाडली. बैलाचे कान ताठ झाले, नाकपुड्या फुलल्या, अंगावर तोच थरकाप आला.   बैल पुढं आला. फळीपाशी आला, फळीचा वास घेतला, आणि वळला. भराभरा चालत मामांपाशी आला आणि आपलं भलंमोठं डोकं त्यांच्या छातीवर टेकवून त्यांच्या मागं लपायला बघू लागला. एवढं धूड, मामांच्या मागं कसं मावणार?

हलगी थांबली. आमच्या ह्यांनी माझा दंड घट्ट धरला. मामा बैलाच्या मानेवरून हात फिरवत राहिले, आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "भ्येत हुता की गं हा, इतकी वर्सं. शिमग्याला हलगी न्हवती, म्हणून निवांत चालला. हौस माझी हुती."

 माझे डोळे भरून आले. वाटलं, आता हे पार कोसळतात. पण मामांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरत गेलं, लहान पोराला आपलीच लबाडी कळावी तसं. त्यांनी बैलाला गोठ्यात नेलं, समोर वैरण टाकली, दाराला आडणा लावला आणि अंगणात परत आले. टेम्पोवाल्याला हातानंच जा म्हणाले. मग धोतराचा सोगा खोचला, टोपी घट्ट केली आणि हलगीवाल्यांपुढं जाऊन उभे राहिले.

"म्हंजे ही हलगी माझ्यासाठीच वाजत हुती की," मामा म्हणाले. "मग फाटकाबाहेर चला, लांब. तिकडं वाजवा."

आणि आमचे मामा, ज्यांना स्वतःच्या लेकाच्या वरातीतही कुणी पाय उचलताना बघितलं नव्हतं, ते यात्रेच्या वाटेवर देवळापर्यंत नाचत गेले.